राघोला उठवणारी वकीलबाई

खोडाळ्याच्या बाजारात राघोला शोधायचं असेल तर चेहरा बघू नये, मान बघावी. इतकी आखूड आणि जाड, की डोकं नुसतं खांद्यांवर आणून ठेवलंय असं वाटे. ही मान त्याला बापाकडून आली, बापाला आजाकडून. गावच्या बोहाड्यात म्हैसासुराचं सोंग नाचवायचा मान या घराकडे होता, आणि पांगाऱ्याच्या लाकडाचा तो शिंगाळा मुखवटा काही हलका नव्हता. वारशाने यावं असं दुसरं त्या घरात काही नव्हतंच. जमीन कधीच नव्हती. पावसाळ्यात दुसऱ्याच्या भाताची आवणी, दिवाळी सरली की वीटभट्टी, असं वर्ष जाई. पण चैत्र लागला की ज्यांनी वर्षभर राघोला बांधावरूनच हाक मारलेली असे, तेच त्याच्या अंगणात येऊन विचारत, यंदा मान बरी आहे ना?

बोहाडा म्हणजे देवीचा उत्सव. संबळ-पिपाणीच्या तालावर देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात आणि शेवटच्या दिवशी, ऊन वर यायच्या आत, देवी म्हैसासुराला मारते. देवीचं सोंग तुळशीदासाच्या घराकडे. तुळशीदास एरवी पंचायतीत शिपाई, बोलायला लागला की समोरच्याची बैलगाडी गावाबाहेर निघून जाईल असा रेंगाळता. पण देवीचं लुगडं अंगावर चढलं की त्याचा पाय जमिनीवर ठरत नसे. त्याने त्रिशूळ लावला की राघो धाडकन आडवा व्हायचा. लोक तिथे आरोळी ठोकायचे आणि परगावचे पाहुणे घरची वाट धरायचे, कारण त्यांना वाटायचं आता संपलं.

संपलेलं नसायचं. मारून झाल्यावर एक काम उरे. देवीने खाली वाकायचं, मेलेल्याला हात द्यायचा आणि म्हणायचं, "ऊठ गड्या, सरला खेल." मग राघो उठे, मुखवटा काढे, देवीच्या हातचं पाणी पिई आणि पुन्हा राघो होई. गावाचा हिशेब असा की राक्षस मरायलाच हवा, पण ज्याने गावासाठी तो अंगावर घेतला त्या माणसाला घरी परत पाठवायला हवं. आपण उठायचं नाही. ज्याने मारलं त्यानेच उठवायचं.

दोन हजार एकच्या वैशाखात नेमकं हेच राहिलं. त्या सकाळी त्रिशूळ लागला, राघो पडला, आणि विझत्या टेंभ्यांचा धूर आंब्यावरच्या आग्या मोहोळाला जाऊन भिडला. पुढे जे झालं ते कुठल्याच पोथीत नाही. देव पळाले, राक्षस पळाले, पिपाणीवाला पिपाणी तोंडातच ठेवून पळाला. देवीने लुगड्याचा काचा मारून धूम ठोकली ती थेट ओहोळापर्यंत, आणि तिथून सुजलेल्या डोळ्यांनी जीपमध्ये बसून मोखाड्याच्या दवाखान्यात. राघो तेवढा पडून राहिला. मेलेला राक्षस आपण होऊन कसा उठेल? मुखवटा होता म्हणून तोंड वाचलं, हातापायांची मात्र चाळण झाली. सूर्य डोक्यावर आला तेव्हा त्याची बायको हिरी घोंगडी पांघरून आली, तिने चार शिव्या मधमाश्यांना घातल्या, आठ नवऱ्याला घातल्या आणि त्याला बखोटीला धरून घरी नेलं.

ताप उतरायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी राघोच्या लक्षात आलं की आपण उठलो खरे, पण आपल्याला कोणी उठवलेलं नाही.

तो भगताकडे गेला. ढवळू भगताचा स्वतःचा एक डोळा अजून उघडत नव्हता, त्यामुळे तो फार बोलायच्या मनःस्थितीत नव्हता. आता पुढच्या वर्षी मारतील तेव्हाच उठवतील, तोवर जरा सांभाळून, एवढं म्हणून त्याने वाकळ ओढून घेतली. हे वाक्य त्याने न म्हटलं असतं तर फार बरं झालं असतं. पण भगत काही बोलला की लोक ते गाठीला बांधतात, आणि राघोने तर त्याची निरगाठच मारली.

गावाने त्याला वाळीत टाकलं नाही, कोणी वावगा शब्दही काढला नाही. राघोनेच कोणाला तेवढी जागा ठेवली नाही. नागलीच्या बियाण्याला तो हात लावेना. कोणाच्या पेरणीला जाईना, लग्नाच्या मांडवात शिरेना. शेजारच्या लक्ष्याची शेळी मेली ती सडलेला पाला खाऊन, सगळ्यांना ठाऊक होतं. तरी राघो दोन दिवस मान खाली घालून बसला. झोपायलाही तो पडवीत आला. हिरीने एकदा तावातावाने विचारलं की मी हात धरून उठवलं ते काय उठवणं नव्हतं, माझा हात काय लाकडाचा आहे? तू मना मारला कुठं होता, एवढंच राघो पुटपुटला, आणि त्यावर हिरी म्हणाली की आता मारते.

हे सगळं चाललं असतं एखादं वर्ष, पुढचा बोहाडा आलाच असता. पण श्रावणात लेक बाळंत झाली. योगिता पहिल्या खेपेला माहेरी आलेली, मुलगी झाली, नाव गंगी ठेवलं. आणि घरात पहिलं नातवंड आलेलं असताना राघो पडवीच्या खांबाला टेकून आत बघत बसायचा. योगिता पोरीला घेऊन बाहेर आली की हा उठून लाकडं फोडायला जायचा. चार महिने झाले, पोर हसायला लागली, माणसं ओळखायला लागली, आणि ज्याच्या घरात जन्मली त्या आजाच्या हाताचा स्पर्श तिला झाला नव्हता. माझ्या अंगावर राक्षस आहे, तो पोरीच्या अंगावर जायला नको, हे राघोचं म्हणणं. योगिता रडायची. हिरीने रडणं सोडून दिलं होतं, ती भांडी आपटायची.

मार्गशीर्षात जावयाचा निरोप आला. सुरज वसईकडे भट्टीवर गेलेला होता, त्याने कळवलं की शुक्रवारी येतो आणि दोघींना घेऊन जातो. भट्टीवर गेलेली माणसं कधी शिमग्याला येतात, कधी एकदम पावसाच्या तोंडावर. राघोने पोरीच्या झोळीसाठी वेताची एक नवी काठी तासली आणि ती उंबऱ्यावर ठेवली, आत नेऊन दिली नाही.

त्याच आठवड्यात मधु मास्तर पाड्यावर आले. मास्तर खोडाळ्याच्या शाळेत शिकवत आणि त्यांच्या घरी रंगीत टीव्ही होता, त्यामुळे त्यांचं वजन दोन्हीकडून होतं. ते सांगत आले की जव्हारला एका जुन्या, बंद पडलेल्या वसतिगृहात मुंबईची मंडळी टीव्हीच्या मालिकेचं चित्रीकरण करतायत. दर शनिवारी लागते ती, गुन्हेगारांना पकडून कोर्टात उभं करणारी. या वेळच्या भागात मुंबईचा एक मोठा डॉन आहे आणि त्याच्यावर खटला चालतो. कोर्टात बसायला माणसं हवीत, दिवसाची मजुरी आणि जेवण. बसायचं आणि बघायचं, बाकी काही नाही. पाड्यावरची माणसं तयार झाली. राघोला हिरीने ढकललं. घरात बसून खांब झिजवण्यापेक्षा जा, म्हणाली.

गुरुवारी सकाळी जीप भरून सगळे जव्हारला पोचले. वसतिगृहाच्या दालनात प्लायवूडचं कोर्ट उभं होतं. न्यायाधीशाची उंच जागा, वकिलांची टेबलं, आणि एका बाजूला आरोपीचा पिंजरा, तो जमिनीपासून चांगला हातभर वर. टोपी घातलेला एक पोरगेला साहेब सगळ्यांना समजावत होता की निकाल वाचला की कुजबुज करायची. काय कुजबुज करायची, असं लक्ष्याने विचारलं. काहीही, असं उत्तर मिळालं. मग प्रत्येक वेळी निकाल लागला की लक्ष्या शेजाऱ्याला आपली शेळी कशी मेली ते हळू आवाजात सांगायचा.

राघो पहिल्या बाकावर होता आणि त्याचं सारं लक्ष पिंजऱ्याकडे होतं. डॉनचं काम करणारे गृहस्थ साठीच्या घरातले, अंगाने भरदार, गळ्यात सोन्याची साखळी, पायात पांढरे बूट. काम नसेल तेव्हा ते बाहेर करंजाच्या झाडाखाली एकटे बसत आणि तोंडातल्या तोंडात काही म्हणत. त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. मधु मास्तरांनी सांगितलं की ते वाक्यं पाठ करतायत. राघोला ते पटलं नाही. सोंग घेतलेल्या माणसाशी बोहाड्यातही कोणी बोलत नाही, हे त्याला मास्तरांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"राघो, ते खोटं आहे सगळं," मास्तर म्हणाले.

"खोटा कसा? मानूस तर खराच हाय."

शाळेत असते तर मास्तरांनी यावर काहीतरी उत्तर दिलं असतं.

आणि मग सरकारी वकील उभी राहिली. काळ्या कोटातली उंच, किडकिडीत बाई, वय असेल पस्तीसच्या आसपास. ती बोलायला लागली आणि दालनात पाखरू फडफडेना. ह्या माणसाला घाबरून तेरा साक्षीदार फिरले, ती म्हणाली. चौदावा फिरला नाही, कारण तो ह्याच्याच गाडीचा ड्रायव्हर होता आणि मारलेल्या माणसाचं रक्त त्याने स्वतःच्या हातांनी गाडीतून धुतलं होतं. असं म्हणून तिने उजवा हात खांद्यापासून उचलला आणि डॉनच्या छातीवर बोट रोखलं. राघोच्या अंगावर काटा आला. तो हात त्याने वीस वर्षं मुखवट्याच्या भोकांतून येताना पाहिला होता.

न्यायाधीशांनी जन्मठेप दिली. डॉनची मान छातीवर पडली. मग टोपीवाला साहेब काहीतरी ओरडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. सात वेळा. सात वेळा बाईने हात उचलला, सात वेळा जन्मठेप झाली, सात वेळा ती मान पडली, आणि राघो दर वेळी थोडा अधिक कासावीस झाला. आमचा म्हैसासुर निदान एकदाच मरतो, असं त्याच्या मनात आलं. हा माणूस सकाळपासून मरतोय आणि याला उठवायचं कोणाच्या डोक्यातही नाही. मुंबईची माणसं, यांना कोणी शिकवलंच नसेल. मग हा असाच घरी जाणार. याला पण नात असेल.

सातव्या वेळेनंतर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवे विझले, माणसं वायरी गुंडाळायला लागली. डॉन पिंजऱ्यातच उभा होता. एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर. उतरायची पायरी उंच होती आणि त्याचे पाय आखडले होते. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, वकीलबाईच्या आलं. ती टेबलावरचे कागद तसेच टाकून पिंजऱ्यापाशी गेली आणि तिने हात पुढे केला.

"चला काका, संपला खेळ. उतरा खाली."

काकांनी तिचा हात धरला आणि उतरले. खाली आल्यावर त्यांनी गळ्यातली साखळी काढली, तिने आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं आणि ते हसले. कुठून तरी एक साधा, दमलेला म्हातारा निघाला.

राघो बाकावरून कधी उठला ते त्यालाही कळलं नाही. टोपीवाल्याने अडवलं, मास्तरांनी मागून सदरा धरला. राघो दोघांच्या मधून गेला आणि वकीलबाईच्या समोर, फरशीवर, धाडकन आडवा झाला. पडायची त्याला सवय होती. बघणाऱ्यांना वाटलं फेफरं आलं; कोणी कांदा आणा म्हणालं, कोणी पाणी आणा. राघोचे डोळे टक्क उघडे होते. त्याच्या बोलीत कोणाला अहो-जाहो करायची सोय नाही. देवीलाही तू आणि तहसीलदारालाही तू.

"बाय," तो खालूनच म्हणाला, "मना पन उठव."

बाई गोंधळली. मास्तर पुढे झाले आणि बोहाडा, म्हैसासुर, मधमाश्या असं सगळं एका दमात सांगू लागले, आणि शरमेने मध्येच अडखळले. पण काकांनी हात करून त्यांना थांबवलं. ते मूळचे तळकोकणातले होते, लहानपणी देवळासमोरच्या मांडवात राक्षसांची कामं केलेले. ते गुडघ्याचं दुखणं विसरून राघोपाशी उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, गेल्या बोहाड्यात मारलं कोणी, आणि उठवायचं राहिलं कसं? राघोने सांगितलं. कधीपासून असाच आहेस, त्यांनी विचारलं. वैशाखापासून, राघो म्हणाला, आणि मग त्याने नातीचं सांगितलं. उद्या ती जाणार हेही सांगितलं.

काकांनी वकीलबाईकडे मान वळवली.

"उठव गं त्याला. नीट उठव."

"काय म्हणायचं असतं?" तिने राघोला विचारलं. हसली नाही. राघो पुढे आयुष्यभर सांगत असे की ती हसली नाही.

त्याने शब्द सांगितले. तिने कोट सावरला, वाकली, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि त्याच्याच बोलीत, ळ चा ल ठेवून म्हणाली, "ऊठ गड्या, सरला खेल." राघो उठला. तिने बाटलीतलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं, ते तो प्यायला, आणि भर दालनात, सगळ्या वायरीवाल्यांच्या देखत, हमसून रडला. देण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं. फडक्यात नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी होती, जेवण तिथेच मिळाल्यामुळे ती तशीच राहिलेली. ती त्याने पुढे केली. डॉनने आणि सरकारी वकिलाने ती उभ्या उभ्या अर्धी अर्धी खाल्ली. तिचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं, आणि म्हणून पुढच्या प्रत्येक बोहाड्यात राघोच्या घरून एक नारळ जास्तीचा जायला लागला, तो नुसताच वकीलबाईचा नारळ.

जीप पाड्यावर पोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. योगिता बोचकं बांधत होती. राघोने पायांवर पाणी घेतलं, हात कोपरापर्यंत राखेने घासले आणि सात-आठ महिन्यांनी पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत येऊन बसला. मांडी घातली.

"आन तिला."

योगिताने आईकडे बघितलं. हिरीने चुलीपासून डोकं वर केलं, नवऱ्याचं तोंड नीट न्याहाळलं आणि पोरीला झोळीतून उचलून स्वतःच त्याच्या मांडीवर ठेवलं. पोर पहिल्यांदा भेदरली. मग तिला ती आखूड, जाड मान सापडली आणि तिने तिथे दोन्ही हातांनी घट्ट धरलं. राघो हलेना. कोणी उठवलं, हिरीने विचारलं, आणि त्याने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला की पहिला हात तुझाच, तू नसतीस तर मी त्या आंब्याखालीच राहिलो असतो. हिरीने नाक ओढलं आणि चुलीचा धूर फार झालाय म्हणाली. दुसऱ्या दिवशी सुरज आला आणि दोघींना घेऊन गेला. झोळीला बांधायची वेताची काठी राघोने स्वतःच्या हाताने लेकीला दिली.

शिमग्याला त्या परत आल्या, आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी तो भाग टीव्हीवर लागला. मधु मास्तरांच्या ओटीवर अख्खा पाडा जमला. मास्तरांचा एकच नियम होता: टीव्हीला हात लावायचा नाही. डॉनने खून पाडले, साक्षीदार एकेक करून फिरले, ड्रायव्हर उभा राहिला, वकीलबाईने हात उचलला. कोर्टात लक्ष्या दिसला, त्याचे ओठ हलत होते आणि ओटीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं की तो शेळीबद्दल बोलतोय. राघो डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसला, नुसती मान. मग निकाल लागला. पिंजऱ्यात डॉनची मान खाली पडली, चित्र तिथेच थांबलं आणि त्याच्यावरून नावं सरकायला लागली. लोक उठले. बरी जिरली त्याची, असं म्हणत चपला शोधायला लागले.

राघो बसून होता. तो पुढचं येण्याची वाट बघत होता.

"संपलं राघो," मास्तर म्हणाले. "पुढे काही नाही."

"पन तिनं उठवला त्याला. मी बगितला."

"ते नाही दाखवत."

राघोने पडद्याकडे पाहिलं. तो म्हातारा पिंजऱ्यात मान टाकून तसाच उभा होता, आणि जिथे जिथे हा टीव्ही लागला असेल तिथे तिथे, इतक्या साऱ्या घरांत, तो तसाच उभा राहणार होता. राघो उठला. कडेवर गंगी होती. तो टीव्हीजवळ गेला आणि त्याने आपला रुंद, भेगाळलेला तळवा काचेवर, डॉनच्या हातापाशी ठेवला. हातावरचे केस ताठ उभे राहिले. मास्तरांनी आपला नियम काढला नाही.

"ऊठ गड्या," राघो म्हणाला, "सरला खेल."

गंगीने पण काचेवर थाप मारली. मग नावं संपली आणि साबणाची जाहिरात लागली.